परतवलेलं सोनं

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरात तलवारीला लावलेल्या खोबरेल तेलाचा आणि झेंडूचा असा काही गंध दाटतो, की शेजारच्या ‘खासगी बाजार’ पेठेतल्या कचोरीच्या कढया त्यापुढे हार मानतात. आश्विनाचं कोवळं ऊन उंबरा ओलांडून पात्यावर येऊन बसतं. पूर्वजांबरोबर दक्खनेतून इकडे उत्तरेत आलेल्या त्या तलवारीने आता काकडीसुद्धा चिरता येणार नाही. पण मी आहे तोवर तिची पूजा होणारच. दोन वर्षांमागे माझ्या नातीने, मुक्ताने, तिच्याशेजारी थेंब मोजून उचलायची आपली नळी ठेवली. म्हणाली, "आबा, माझं हत्यार." मी त्या नळीलाही हळदकुंकू वाहिलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्मभर शहरातल्या बाड्याच्या चौकातून टेंपो हाकलेला माणूस. पण मुक्ताचं काम मला समजत असे, कारण ती ते मला जेवताना समजावून सांगे. क्षयाचा जंतू औषधाखाली मेल्यासारखा निपचित पडतो आणि औषध थांबलं की उठून बसतो. तो झोपतो कसा, हा तिचा प्रश्न होता. तिचा स्वतःचा. त्याच्या जोरावर तिला स्वतःची प्रयोगशाळा हवी होती, म्हणजे कुणाच्या हाताखाली नाही, एक खोली का होईना, पण दारावर तिचं नाव. आणि त्या प्रश्नाविषयी तिच्या सरांनी नव्या जागेसाठी निवड करणाऱ्यांना सांगितलं होतं, "मुलगी कामसू आहे, पण विचार माझा." हे सांगताना ती पोळीचे तुकडे करत राहिली, खाल्ला एकही नाही. त्या क्षणापासून माझ्या छातीत काहीतरी त्या जंतूसारखंच दबा धरून बसलं.

सर आमच्याच लष्कर पेठेत राहणारे, जुन्या ओळखीतले. त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी, नळी पुजली त्या दिवशी, रिवाजाप्रमाणे आपट्याची पानं घेऊन आमच्याकडे आले. ओसरीवर पाचपंचवीस माणसं, सूनबाईंच्या हातात फराळाची ताटं. "आबासाहेब, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणत ते वाकले. दसऱ्याचं सोनं वैरीसुद्धा नाकारत नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी नाकारलं नव्हतं. मी हात पाठीमागे बांधले.

"डॉक्टरसाहेब, सोनं आपल्या झाडाचं असेल तर वाटावं. पोरीबाळींच्या फांद्या ओरबाडून कसलं वाटता?"

कुणीतरी खोकलं. पानं धरलेला त्यांचा हात हवेत तसाच राहिला, आणि खोटं कशाला बोलू, त्या अवघडलेल्या हाताकडे पाहताना मला जे सुख झालं ते मला कुठल्या पक्वान्नाने दिलेलं नाही.

ते गेल्यावर मुक्ता आतून आली. "आबा, हे काय करून बसलात? अब वो सिफारिश देंगे क्या? सोमवारी पाठवायची होती त्यांनी."

"न देईना! चोराची चिठ्ठी कशाला हवी तुला?"

"बदला माझा होता ना? मग मला घेऊ द्यायचा होता."

सिफारिश आली नाही. ती जागा गेली. मुक्ताने तो प्रश्नही सोडला, जुनं लुगडं सोडावं तसा, आणि इंदूरला जाऊन अगदी नवा धरला: जंतूने पोखरलेलं फुफ्फुस पुन्हा भरून कसं येतं. या विषयात सरांना ओ की ठो कळत नाही. गेल्या पावसाळ्यात तिला खोली मिळाली. दारावर नाव लागलं. मी दोर कापला म्हणून होडी तरली, असं मी सगळ्यांना सांगतो. मुक्ता त्यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

परवा फूलबागेत धुकं उतरत होतं, भुईमुगाच्या भाजत्या शेंगांचा धूर त्यात विरघळत होता, आणि बाकावर सर एकटेच मफलर गुंडाळून बसलेले. मला पाहून उठले. "मुक्ता कशी आहे?" मी मान हलवली. मफलर सारखा करत त्यांनी विचारलं, "माझं नाव काढते कधी? रागाने का होईना?"

काढते, शिव्या घालते, असं म्हटलं असतं तर त्या माणसाला ऊब मिळाली असती. शिष्याच्या शिव्यांतही गुरूची गादी शाबूत असते. मी खरं तेच सांगितलं. "नाही. एकदाही नाही."

ओसरीवर नुसता हात अवघडला होता. इथे चेहराच उतरला. हाच तो सूड, जो आमच्या तलवारबहाद्दर घराण्यात कुणाला जमला नाही: शत्रूला मनातून असं पुसून टाकणं, की त्याची जागा रिकामीसुद्धा दिसू नये. मी ताठ मानेने निघालो. माझा राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही.

पण बाड्याकडे चालताना धुक्यात दिवे पेटू लागले, आणि मनात आलं, रविवारी तिचा फोन येतो तेव्हा ती फुफ्फुसांविषयीच बोलते. विद्यार्थी, यंत्रं, नवी खिडकी. मी ऐकतो. गेल्या रविवारी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ आठवत बसलो होतो, माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं तिने विचारलं होतं का.