तापलेलं बॉनेट आणि माझे बांगडे

मंडळी, आज नातीच्या बॅटरीवरच्या गाडीतून लेकीकडे ओरोसला निघाले. बांद्यातच चार्ज संपत आला. चार्जिंगच्या जागेवर पेट्रोलची गाडी उभी आणि तिचा मालक समोरच्या खानावळीत जेवतोय! नात रडकुंडीला आली.

गाडी काढायला सांगितली, तर तो म्हणाला, “जेवान झाला की काढतंय, आजये.”

मी लेकीसाठी घेतलेले खारवलेले बांगडे त्याच्या तापलेल्या बॉनेटवर वाळत घातले. कावळे जमले, तसा तो उष्ट्या हातानेच धावत आला.

“आजये, ह्या काय?”

“तुझा जेवान होयसर माझे बांगडे सुकतले रे!”

हसत हसत त्याने गाडी काढली. आमची चार्जिंगला लावून मीही जेवायला बसले. सोलकढी अर्धी प्यायले, तोच नात म्हणाली, “आजये, चार्जिंग झाला. मागे दुसरी गाडी थांबली आसा.”

सोलकढी तशीच ठेवून उठले. मागच्या गाडीतही एखादी म्हातारी बांगडे घेऊन निघाली असेल, तर?