इफ्राइमची चूल

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. मिठाच्या वाळवंटाकाठच्या ग्रँट्सव्हिल गावात राहणाऱ्या व्हर्लन टॉलबर्टच्या घराण्यात मात्र ठेचसुद्धा वारसाहक्काने मिळायची.

व्हर्लनने जन्मभर शाळेची बस चालवली, कधी रस्ता चुकला नाही. पण त्याचा खापरपणजा इफ्राइम बैलगाडी घेऊन पश्चिमेकडे निघाला, तेव्हा जवळची वाट म्हणून मिठाच्या वाळवंटात घुसला, चिखलात रुतला आणि गाडी हलकी करायला त्याने बायकोची बिडाची चूल तिथेच टाकली. बाई त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. उलट व्हर्लनची बायको नेड्रा, तिचे पूर्वज लांबच्या वाटेने भांड्याकुंड्यांसकट सुखरूप आलेले. दर चोवीस जुलैला, पूर्वज तिथे पोचले त्या दिवसाच्या सणाला, तिचा भाऊ ऑर्विल विचारायचाच, "काय दाजी, चूल सापडली का?" आणि नेड्रा सगळ्यांत मोठ्याने हसायची. ते हसणं व्हर्लनच्या जिव्हारी लागे. एकदा तरी इफ्राइमला शहाणा ठरवायचं, असं त्याने ठरवलं.

यंदा सणाचं जेवण वाळवंटापलीकडे वेंडोव्हरला, ऑर्विलकडेच होतं. नेड्राच्या मांडीवर चीजमधल्या बटाट्यांचं बिडाचं भांडं, मागे किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली. हायवे सरळसोट. मध्येच व्हर्लन म्हणाला, "इफ्राइम इथूनच वळला," आणि त्याने गाडीही वळवली.

"अरे, रस्ता तिकडे आहे!"

"तो आत्ताचा. जमीन बघ, फरशी आहे फरशी! बैलच कामचुकार होते, दुसरं काही नाही."

थोडं पुढे गेल्यावर मिठाचा पापड मोडला आणि मागची चाकं चिखलात बसली.

वर्षभराचं धान्य साठवणं हा तिथल्या लोकांचा धर्म. व्हर्लन त्यातला थोडा धर्म डिकीतही बाळगी. आधी गव्हाचे डबे उतरवले. मग जादाचं चाक. मग जेली. गाडी ढिम्म.

"चाकाखाली काहीतरी टणक हवं," व्हर्लन पुटपुटला. दोघांची नजर भांड्यावर गेली.

"हात लावून बघ! आईचं आहे ते."

"नाही मागत गं." तो चिखलातच मटकन बसला. "मूर्खच होता इफ्राइम. आणि मीही."

नेड्राने त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसाला असं पडलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. तिने एका डब्यातले गहू ओतून टाकले, बटाटे त्यात उलटे केले आणि भांडं स्वतःच्या हाताने चाकाखाली सारलं. गाडी उसळून वर आली. भांडं पाताळात गेलं.

हायवेच्या कडेला ऑर्विल उभाच होता, त्यांना शोधत आलेला. "दाजी! रस्ता सोडायला कुणी सांगितलं होतं?"

व्हर्लन काच खाली करू लागला.

"मी," नेड्रा म्हणाली. "आणि हसलास तर बटाटे मिळायचे नाहीत."

मग वेंडोव्हर येईपर्यंत तिने व्हर्लनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, क्षणभर तोंड मिटलं नाही. व्हर्लन ऐकत होता आणि गाडी मुद्दाम सावकाश चालवत होता.