विरुद्ध काही नोंद नाही

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. तसं फार मोठं नव्हतं. पालघरच्या एका निवृत्त शिक्षिकेला बँकेचा अधिकारी असल्याचं सांगून कुणीतरी फोन केला, बाईंनी विश्वास ठेवला आणि आयुष्यभराची पुंजी गेली. बँकेकडून माहिती मागवली, तर पैसे वळते झाले होते कुंभवलीतल्या एका कामगाराच्या खात्यात. गाव आमच्या हद्दीतलं, म्हणून तपास माझ्याकडे आला.

खबऱ्याला गावात पाठवलं. तो सांगत आला, "साहेब, पंधरा दिवस झाले, कंपनी सोडून घरी बसलाय. आळीत पेढे वाटलेत." म्हटलं, झालं, चोर आयताच सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पाठवून त्याला ठाण्यात आणलं. अख्ख्या आळीने पाहिलं. चाळिशीचा माणूस, रसायनांनी पिवळी पडलेली बोटं. खात्याचा उतारा समोर ठेवला, तर म्हणाला, "ते खातं माज्याकडं नाय, साहेब. नव्या कंपनीनं मागितलं, पगारासाठी."

असली उत्तरं ऐकण्यात माझी तीस वर्षं गेली होती. तीन तास तेच तेच विचारलं, तो तेच तेच सांगत राहिला. शेवटी टेबलावर हात आपटून ओरडलो, "कसली कंपनी? कागद दाखव!"

त्याची बायको सकाळपासून बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसली होती. ती आत आली आणि फाईल माझ्यासमोर ठेवली. ईमेलवर आलेलं नेमणुकीचं पत्र. मोठ्या कंपनीचं नाव, शिक्का, सही. मुलाखत नाही, काही नाही, थेट नोकरी. ईमेलचा पत्ता मात्र कंपनीचा नव्हताच, कुणीही फुकटात उघडावा तसला. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कुरिअरने पाठवा, म्हणे. आणि खाली, रुजू होईपर्यंत कंपनीत चौकशी करू नये.

"अरे बाबा, कुणाला तरी विचारायचंस!"

"विचारलं ना, साहेब. तुमालाच."

त्याने फाईलच्या तळाचा कागद काढला. चारित्र्य पडताळणीचा अर्ज, त्याला हेच पत्र जोडलेलं. असे अर्ज ठाण्यात ढिगाने येतात. त्यावर माझाच शेरा होता, 'विरुद्ध काही नोंद नाही', आणि खाली माझी सही. मी त्याची नोंद तपासली होती. पत्र वाचलं नव्हतं.

"पोलिसांनी बघून सही दिली, म्हंजे खरं असणार, असं आमी धरलं," बायको म्हणाली.

त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. कुरिअर जिथे गेलं, ती खोली रिकामी होती. सूत्रधार शेवटपर्यंत हाती लागले नाहीत. त्याची जुनी जागा भरली गेली होती, म्हणून कंपनीला कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला मी स्वतः भेटलो. तो म्हणाला, "घेतो, पण त्याला जीपमधून नेलं होतं ना? पोलिसांचा नवा दाखला आणायला सांगा."

आता लोक विचारतात, फसवणूक ओळखायची कशी? मी सांगतो, पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा. कार्ड, सिम कुणाच्या हाती देऊ नका. कुणाला विचारू नका, असं जो सांगतो, त्याच्यावर आधी संशय घ्या. सांगून सांगून थकलो. थकवा बोलण्याचा नाही; यातलं सगळं त्या पत्रात माझ्या टेबलावर पडलं होतं.

ठेकेदाराने मागितलेल्या त्या दाखल्यासाठी नवा अर्ज घेऊन नवरा-बायको आली होती. मी सवयीने पेनाचं टोपण काढलं. बायकोने अर्जावर हात ठेवला.

"या टायमाला आधी वाचा, साहेब. मग सही करा."