घरात बोलली जाणारी भाषा

भूगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. डिसेंबर उजाडला की झेरॉक्सपेक्षा जास्त गर्दी होते ती शाळेचे फॉर्म भरून घ्यायला. सिस्टरांच्या शाळेत, म्हणजे चर्चच्या आवारातल्या इंग्रजी शाळेत पोर घालायचं असलं की गावातली माणसं आधी माझ्याकडे येतात. सोसायटीवाले स्वतः भरतात आणि चुकलं की मग येतात. मला या कामाचा भारी गर्व होता. आता तो उरलेला नाही, आणि त्याला कारण शुभांगी.

शुभांगी म्हणजे आमच्या भावकीतल्या किशोरची बायको. माहेर मुळशी धरणाकडचं, बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत. किशोर कंपनीच्या माणसांना गाडीतून हिंजवडीला नेतो-आणतो. घरात हे दोघं, किशोरची आई चंद्राबाई आणि चार वर्षांची रिद्धी. पोरगी म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा. दुकानात आली की काउंटरवर चढून बसायची. "जयसिंगकाका, ह्या मशिनीला भूक लागती का? कागुद खाऊन परत का ओकती?" मी कंटाळून गोळी द्यायचो, तर गोळी तोंडात ठेवून बोलायची. हे सगळं ती आजीकडून उचलायची. चंद्राबाई दिवसभर तिच्याशी म्हशीच्या, कोंबड्यांच्या, भाडेकऱ्यांच्या गप्पा मारत असायची.

रिद्धीचा फॉर्म मीच भरला. त्यात दोन रकाने होते. मातृभाषा, आणि खाली घरात बोलली जाणारी भाषा. पहिल्यात मी मराठी लिहिलं. दुसऱ्यात इंग्लिश लिहून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझाच अतिशहाणपणा. सगळ्यांचे फॉर्म मी असेच भरत होतो.

"दादा, आमी कुटं बोलतो इंग्लिश?" शुभांगीने विचारलं.

"लिहायचं असतं गं. कोण घरी बघायला येतंय?"

तिने सही केली. बाकीच्या आयांनी सही केली आणि विसरून गेल्या. ही विसरली नाही. फॉर्म द्यायला गेली तेव्हा दारातल्या मेरीमातेसमोर चपला काढून, हात जोडून मगच आत गेली होती. प्रवेश मिळाला तशी मला म्हणाली, "देवीच्या दारात खोटं लिहून दिलंय दादा. आता ते खरं कराया पायजे." मी हसलो. वाटलं, चार दिवसांची हौस असेल.

जूनपासून त्या घरात मराठी बंद झालं. शुभांगीने मोबाईलवरून वाक्यं उतरवून फ्रिजवर चिकटवली. कम हिअर. ईट फास्ट. वॉश हँड्स. डोन्ट टच. रात्री किशोर गाडीवरून आला की त्यालाही तेच. तो बिचारा येस-नो करून जेवायचा आणि झोपायचा. तुम्हीच विचार करा, फ्रिजवर मावतील एवढ्याच वाक्यांत लेकराशी काय बोलणार? हुकूम सोडता येतात. कोंबडीने अंडं कुठं घातलं हे सांगता येत नाही. रिद्धी मराठीत काही विचारायला लागली की शुभांगी ओठांवर बोट ठेवायची आणि खिडकी लावून घ्यायची. मागच्या खोल्यांत त्याच शाळेतल्या एका मुलाची आई भाड्याने राहत होती. तिने ऐकून सिस्टरांना सांगितलं तर काय, ही भीती.

सगळ्यात वाईट झालं ते चंद्राबाईचं. तिला फक्त "कम" आणि "गुड" जमलं. नात शाळेतून यायच्या वेळेला ती गोठ्यात जाऊन बसायला लागली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माज्या तोंडून पोरीचं वाटुळं नको व्हाया. मी हितंच बरी." मला तेव्हाच फॉर्मचं खरं काय ते शाळेत जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गिऱ्हाईक होतं समोर.

दिवाळीनंतर डायरीत शेरा आला. रिद्धी वर्गात एक शब्द बोलत नाही. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिनांनी शुभांगीला बोलावून विचारलं, घरी बोलते का? "येस सिस्टर," शुभांगी म्हणाली. इंग्लिशमध्ये? "येस सिस्टर." सिस्टर काळजीत पडल्या. ज्या घरात इंग्रजी बोलतात त्या घरातलं पोर इंग्रजी वर्गात गप्प, म्हणजे दुखणं दुसरंच काहीतरी असणार. आधी कान तपासून घ्या म्हणाल्या. कान ठणठणीत निघाले. मग जानेवारीत कोथरूडच्या वाचातज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी घेऊन शुभांगी दुकानात आली. सोबत रिद्धी होती. काउंटरवर चढली नाही. आईचा पदर धरून मशीनकडे बघत उभी राहिली. मी गोळी पुढे केली, तिने घेतली आणि मान खाली घातली.

"माज्या पोरीला काय बी झालेलं न्हाई दादा," शुभांगी म्हणाली. "आता ती घरी बी बोलंना. झोपंत सुदिक बोलंना. मीच तिचं तोंड बंद केलंय. तो फॉर्म बदलता येतो का?"

आणि मी काय म्हणावं? म्हणालो, "नको बदलू. अ‍ॅडमिशन जाईल." तिच्या अ‍ॅडमिशनपेक्षा मला माझ्या दुकानाची जास्त काळजी होती, हे आज कबूल करतो. तसे पन्नासएक फॉर्म माझ्या हातचे त्या शाळेच्या कपाटात आहेत.

तिने चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, "गेली तर गेली. तुमी फकस्त संगं चला."

गेलो. सिस्टरांच्या ऑफिसात आम्ही तिघं ओळीने बसलो. शुभांगीने पाठ करून आणलेलं इंग्रजी पहिल्याच वाक्याला अडलं. ती ततपप करायला लागली तसं सिस्टर फिलोमिना स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मराठीत सांगा ना. मी वसईची आहे. माझी आई अजून फोनवर माझ्याशी आपल्या बोलीतच भांडते."

शुभांगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. इतकी वर्षं त्या शाळेचे फॉर्म भरतोय, पण सिस्टरांना मराठी येतं का हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"तो रकाना आम्ही का ठेवलाय माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "ज्या मुलांच्या घरी मराठी आहे, त्यांच्याशी पहिले काही महिने बाई मराठीतून बोलतात. मुलं आधी रुळतात, मग इंग्रजी आपोआप येतं. तुमच्या फॉर्मवर इंग्लिश होतं, म्हणून रिद्धीशी मराठीतून कुणी बोललंच नाही."

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. शुभांगीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खुर्चीवरून उतरून रिद्धीसमोर गुडघ्यांवर बसली.

"रिद्धे, सोन्या, आपन आता आपलंच बोलायचं. घरी बी, हितं बी. आज्जीला हाक मार, बाबाला सांग, मला काय बी इचार. ऐकतीस न्हवं?"

रिद्धीचा चेहरा पांढरा पडला. तिने दाराकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं.

"गप मम्मी," ती कुजबुजली. सात महिन्यांत त्या शाळेत ती पहिल्यांदाच बोलत होती. "गप. सिस्टरला कळंल."

सिस्टर पुढे झाल्या. "मला कळलंय बाळा. बोल तू, मी रागावणार नाही," त्या मराठीतच म्हणाल्या. रिद्धीने हात आणखी घट्ट दाबले. शुभांगीच्या डोळ्यांतलं पाणी त्या बोटांवरून ओघळत होतं. ती मान हलवून काहीतरी सांगायला बघत होती, आणि पोरगी तिला बोलू देत नव्हती.