रिकामं म्यान

काल लेकीची दाढ ठणकत होती म्हणून लवंगेच्या तेलाची बाटली उघडली, आणि त्या वासाने मी एकदम शेजारच्या तनाका काकांच्या गराजमध्ये जाऊन पोचलो. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

काका होते तेव्हा सांता क्लारात माझा जॉब गेला होता आणि व्हिसाची मुदत संपत आली होती. बॅज कंपनीने काढून घेतला, गळ्यातला पट्टा तेवढा राहिला. तोच घालून मी रोज सकाळी इस्त्रीच्या शर्टात निघायचो आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो.

एका सकाळी काकांनी गराजमधून हाक मारली. मांडीवरच्या जुन्या लाकडी म्यानाला ते लवंगेचं तेल चोळत होते. त्यांचे खापरपणजोबा जपानमध्ये एका छोट्या सरदाराच्या पदरी सामुराई होते. सरदारी बुडाली, तलवार बाळगायला बंदी आली.

“तलवार गेली, तरी ते रोज रिकाम्या म्यानाला तेल लावायचे, कमरेला खोचायचे आणि दाराशी बसायचे,” काका म्हणाले.

“कशासाठी?”

“मालकाचं बोलावणं येईल म्हणून.”

“आलं?”

काकांनी माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं. “बोलावणारंच कुणी उरलं नव्हतं.”

मला भयंकर राग आला. म्हातारा टोमणा मारतोय असं वाटलं. गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो, पण पट्टा काही काढला नाही. ते मला सावध करत होते, हे आत्ता कळतंय.

“बाबा, इट बर्न्स!” लेक ओरडली.

ऑफिसात पुन्हा लेऑफची कुजबुज सुरू आहे. तेलाचा बोळा तिच्या दाढेवर धरून दुसऱ्या हाताने मी गळा चाचपला. घरी येऊन जेवणंही झाली होती. बॅज अजून गळ्यातच होता.