योग्य म्हंजे किती?

वालीवच्या आमच्या औषध कारखान्यात गिरीज गावचे एक काका आहेत. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस, पण चहात अंदाजाने साखर घाला म्हटलं की अजून विचारतो, "अंदाज म्हंजे किती चमचे?" मला वैताग यायचा.

एका बड्या कंपनीने कॅन्सरच्या औषधावर पेटंट मागितलं. ते मिळालं असतं, तर तेच औषध स्वस्तात बनवायची आमची वाट बंद झाली असती. पेटंट हवं, तर औषधाची पूर्ण कृती अर्जात उघड करावी लागते. आम्ही हरकत घेतली, की अर्जातल्या कृतीने औषध बनतच नाही. कृतीत लिहिलं होतं, 'योग्य प्रमाणात पाणी'. काकांनी आठ वेळा वेगवेगळं पाणी घालून पाहिलं, आठही वेळा काळा गाळ.

सुनावणीत कंपनीचा वकील हसला. "योग्य प्रमाण कुठल्याही जाणकाराला कळतं."

"मंग सांगा ना, पानी किती?" काका म्हणाले.

"ते आमच्या कंपनीचं गुपित आहे!"

पेटंट अधिकाऱ्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. गुपितच ठेवायचं, तर पेटंट कसलं? अर्ज फेटाळला गेला.

आदेश हातात पडला त्या दिवशी काकांचा चहा मी केला. साखर दीड चमचा, वरून बोट फिरवून सपाट.