म्हशीची शेपटी सोडली तेव्हा

"तुमच्या तुम्ही सोला, माझ्या मी सोलतो," असं म्हणून तिनं तुरीच्या शेंगांचे दोन ढीग केले. एक तिच्यापुढं, एक माझ्यापुढं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. तिचा ढीग संपला तेव्हा माझा अर्धाही झाला नव्हता. ती हात झटकून बसली आणि माझी गंमत पाहत राहिली. मदत नाही केली.

त्याच आठवड्यात ती गेली.

तिचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या काळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नव्हते. मी "आयकलं का" म्हणायचो, ती "अवो" म्हणायची. सारा संसार त्यावर झाला. तुमचं घर वर्ध्याला सिंदी मेघेकडे असेल तर तुम्ही तिला पाहिलं असेल. आमच्या आंजी गावाहून सायकलवर दूध आणायची ती बाई. काष्टा घातलेला, सायकलीच्या दोन्ही बाजूंना कॅन, आणि फाटकाशी आली की मोठ्यानं, "दूध आलं वो माय!"

सायकल तिच्याकडे गेली माझ्या गुडघ्यामुळं. बैलानं लाथ मारली आणि गुडघा वाकेनासा झाला. दूध तर पोचलं पाहिजे. मी म्हटलं, तुला सायकल शिकवतो. म्हणाली, "तुम्ही वरडता. माझी मी शिकतो." बांधावर पडत-झडत शिकली. गावातले टवाळ विचारायचे, "काकू, आता इमान कवा उडवता?"

"तुह्या वरातीत," ती म्हणायची. "आधी पोरगी तर भेटू दे."

ऐंशी सालाच्या मागंपुढं वर्ध्यातल्या एका मंडळानं शर्यत काढली. आधी आमच्या आंजीजवळ धाम नदीचा डोह पोहून जायचा, पोहून यायचा. मग सायकलनं वर्धा, तिथून देवळी, परत वर्धा. मग पायी पळत सेवाग्राम आणि परत. सगळं एका दिवसात. मला तो शहाण्या माणसाचा धंदा वाटला नाही.

तिच्या डोक्यात भरवलं सिंदी मेघेच्या एका मास्तरानं. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला माणूस, आमचं गिऱ्हाईक. दुधाचं भांडं हातात धरून तो म्हणाला, "बाई, तुम्ही रोज अर्धी शर्यत करताच. माझ्या हाताखाली या. पुरी करवून घेतो."

घरी येऊन ती मला म्हणाली, "अवो, मले नंबर नाई पायजे. एक डाव पुरी करून पाह्याची हाय."

मास्तर आंजीला आला. नदीवर उभा राहून त्यानं विचारलं, "पोहता येतं ना?"

"येते ना. रोज पल्याड जातो."

आता आमच्या गावाची रीत सांगतो. चराई नदीच्या पल्याड. म्हशी पाण्यात शिरल्या की माणूस शेपटी धरतो आणि त्यांच्यामागं तरंगत जातो. आजा-पणज्यापासून त्यालाच आम्ही पोहणं म्हणत आलो. त्या दिवशी मास्तर म्हणाला, "म्हैस नको. एकट्या जा."

ती गेली आणि सरळ खाली गेली. मी दोर फेकून ओढली. नाकातोंडातलं पाणी काढत म्हणते, "आज पानीच पातळ हाय!"

मास्तर हसला नाही. त्यानं अट घातली. दुधाची फेरी बंद. सकाळी मैदानावर पळायचं, रिकामी सायकल चालवायची, पायात कॅनव्हासचे बूट घालायचे, तो म्हणेल तेव्हा झोपायचं. "एक तर सगळं माझं ऐका, नाहीतर काहीच नको."

मी म्हटलं, "मास्तराचं आयक. बुडली तर मी कोणाच्या तोंडाले पाहू?"

दोन दिवस ती भाकरी जोरात थापत राहिली. मास्तराचं म्हणणं चूक नव्हतं, हे तिलाही कळत होतं. त्याच्या हाताखालची पोरं जिल्ह्यात पळाली होती. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला फाटकावरच सांगितलं, "मास्तर, काईच नको. दूध बंद करून मले पळता येत नाई. मी कायच्यासाठी पळतो तेच समजत नाई. माझं मी पाहतो."

मग सुरू झालं तिचं शिकणं. रोज शेपटी धरून निघायची, मधेच सोडायची, दोन हात मारायचे, घाबरली की पुन्हा धरायची. तिच्या कमरेला दोर बांधून मी काठावर. आमची मोठी म्हैस अशी समजदार की शेपटी सुटली की थांबून मागं पाहायची. पुढं पुढं म्हैस अर्ध्या डोहात थांबायची आणि ही तिला ओलांडून जायची.

एका रविवारी काठावरून आवाज आला. "तोंड पाण्यात घाला बाई! मान किती ताठ ठेवता!"

मास्तर होता. म्हणे, सहज फिरायला आलो. वर्ध्याहून आंजीला कोणी सहज फिरायला येतं का, तुम्हीच सांगा. पण तो येत राहिला. ती पाण्यातलं त्याचं ऐकायची. काठावर आली की ऐकायची नाही. "बूट घाला" म्हटलं की, "म्हशीनं घातले का?"

शर्यतीच्या दिवशी पाण्यात उतरताना मंडळाचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "बाईला ओढून काढावं लागलं तर पुढच्या वर्षी एकीलाही घेणार नाही." तिनं ऐकलं आणि पदर खोचला. मी काठावर म्हैस घट्ट धरून उभा, शेपटीची मदत झाली असं कोणी म्हणू नये म्हणून. म्हैस हंबरत होती. मलाही हंबरावंसं वाटत होतं.

ती गेली आणि आली. शेवटून दुसरी होती, पण आली. काठावर ओरडून ओरडून मास्तराचा घसा बसला होता, नुसती हवा निघत होती.

सायकलची गंमत मला तिनंच सांगितली. रिकाम्या सायकलचा तिला भरवसा नव्हता, म्हणून तिनं रिकाम्या कॅन बांधल्या. त्या कॅन रस्ताभर खडखडत गेल्या. सिंदी मेघेत शिरली तर बाया भांडी घेऊन बाहेर. आणि ही बया! पहिल्या फाटकाशी सवयीनं पाय टेकला आणि ओरडली, "दूध आलं वो माय!" भांडं पुढं आलं तेव्हा भान आलं.

"आज नाई वो, आज शर्यत हाय!"

"मंग उभी काऊन? पळ ना माय!" बाईनं तिच्या सायकललाच धक्का दिला. देवळीपर्यंत हसत गेली म्हणे.

मी एस.टी.नं वर्ध्याला पोचलो. मैदानात पाहुणे माइकवर बोलत होते. जिंकलेली पोरं हार घालून बसली होती, बाकीची बरीच तर वाटेत शर्यत सोडून घरी गेली होती. उन्हं उतरली. मी रस्त्याकडे पाहून राह्यलो. मास्तर माझ्याजवळ उभा.

आणि ती आली. अनवाणी, काष्टा गुडघ्याच्या वर, तोंडावर सेवाग्रामच्या रस्त्याची सारी धूळ. तिच्या पुढं एक पोरगा लंगडत होता. त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "चाल बाबू, थोडकंच राह्यलं," आणि गेली पुढं. माइकवरचं भाषण आपोआप थांबलं. खुर्च्या सरकल्या. लोक उभे झाले. तिनं चुन्याची रेघ ओलांडली आणि तिथंच फतकल मारून बसली.

मास्तरानं माइक ओढला. बसलेल्या घशानं म्हणाला, "ही माझी शिष्या."

"फक्त पान्यातली!" ती खालूनच ओरडली. सारं मैदान हसलं. सगळ्यात मोठ्यानं मास्तर. तेवढं हसताना त्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी येताना एस.टी.त ती माझ्या खांद्यावर झोपली. माणसं पाहत होती. पाहू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उठवलं नाही. धारा काढल्या, कॅन पहिल्या एस.टी.त टाकल्या आणि वर्ध्याला उतरून लंगडत सिंदी मेघेत गेलो. मला तिच्यासारखं ओरडता येत नव्हतं. एकेका फाटकाशी नुसता उभा राहत गेलो. ज्या बाईनं सायकलला धक्का दिला होता तिनं मला पाहिलं आणि घाबरून विचारलं, "बाई काऊन नाई आली? बरं हाय ना?"

"पुरी केली तिनं," मी म्हटलं आणि दूध मापायला लागलो.